माझी काही विनंती नाही

"आणखी वाढू का म्हणून विचारतील. नको म्हणायचं. पुन्हा विचारतील, तेव्हा हसून नको म्हणायचं. पोट भरलं म्हणायचं. आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसायचं नाही, लोकांना कळतं." हे सांगताना आईच्या दातांत केसांचा आकडा धरलेला असे. त्यामुळे शब्द चपटे होऊन बाहेर पडत, आणि वेणीचा पेड त्या शब्दांच्या तालावर घट्ट ओढला जाई. वडील गेल्यावर चर्चच्या मंडळीतली घरं त्या मायलेकींना रविवारच्या उपासनेनंतर आळीपाळीनं जेवायला बोलवत. चांगली घरं होती. टेबलावर स्वच्छ कापड, काचेचा जग, आणि यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर ते विशिष्ट हसू, जे घेणारा दारात पाऊल टाकायच्या आधीच देणाऱ्याच्या तोंडावर येऊन बसलेलं असतं. पोटात भुकेनं कालवत असताना, वाढण्याचा चमचा भांड्याच्या काठाशी थांबलेला असताना, ती हसून नको म्हणायची, आणि यजमानीणबाई म्हणायच्या, "किती समाधानी पोर आहे!" हा शब्द तिला तिथं मिळाला. भुकेच्या बदल्यात मिळाला, म्हणून तिनं तो जपला. पुढं भूक गेली, शब्द राहिला. देव कळण्याचं वय आलं तेव्हा तोही तिला टेबलाच्या त्या टोकाला हातात चमचा घेऊन बसलेला दिसला, आणि तिनं त्यालाही हसून नको म्हटलं.

गेल्या गुरुवारी दुपारी, पाळकसाहेबांच्या पत्नीच्या, पाळकीणबाईंच्या, बैठकीच्या खोलीत, आईचा हा आवाज तिच्या कानात लख्ख वाजला, कारण तिच्याखेरीज सगळ्या जणी मागत होत्या. दर गुरुवारी मागत. भगिनी मंडळाची सभा संपण्याआधी प्रत्येकीनं आपली विनंती सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना करायची, हा इथला शिरस्ता. वर्षानुवर्षं ऐकून तिला मंडळीतल्या प्रत्येक बाईच्या आतड्यांची, सुनेची आणि गळक्या नळाची खडानखडा माहिती झाली होती. एकीला मुलाची बदली व्हायला हवी होती, दुसरीला झालेली रद्द व्हायला हवी होती. एकीला वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्च्या ओढू नयेत असं वाटत होतं, आणि ते वरच्यांना सांगण्याऐवजी ती त्याच्याही वरच्याला सांगत होती. भिंतीच्या कडेनं मांडलेल्या खुर्च्यांवर बसून, मांडीवर हातरुमाल पसरून, डोळे मिटायच्या आधी केकच्या ताटलीकडे एकदा नजर टाकून घेणाऱ्या ह्या बाया प्रभूला दुकानाच्या फळीमागं उभं करतात, असं तिला वाटे. आणि तो इतका सभ्य, की उभा राहतही असणार. तिची पाळी आली की ती खाली बघून हळू आवाजात म्हणे, "माझी काही विनंती नाही. फक्त आभार." मग खोलीत एक छोटी शांतता पसरे. आपण त्या शांततेसाठीच दर गुरुवारी येतो, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

ती शांतता त्या गुरुवारीही पसरली. पाळकीणबाई मान डोलावून म्हणाल्या, "बघा, ह्याला म्हणतात आत्मिक वाढ. पुढच्या महिन्यात आपला मेळावा आहे ना, तिथं समाधान ह्या विषयावर तुम्हीच बोला." ती नम्रपणे नको म्हणण्याच्या बेतात होती, म्हणजे हो म्हणण्याच्या. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून तिची नणंद घसा खाकरून म्हणाली, "माझी कवळी लागते हो. खालची. हिरडीला जखम झालीय, पाव भिजवून भिजवून खाते. तर प्रभूनं माझी हिरडी जरा कठीण करावी, एवढंच मागणं." कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. बायकांनी आधी नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, कारण ती कवळी तिनंच केलेली होती. कवळ्या करणं हेच तिचं काम, आणि दोघी एकाच घरात राहतात, एकाच टेबलाशी जेवतात, हे सगळ्यांना ठाऊक. मग पाळकीणबाईंनी डोळे मिटले आणि खोलीभर बाया एका हिरडीसाठी गयावया करू लागल्या. "कठीण कर, प्रभू," कोणीतरी हुंदका देत म्हणालं. "खडकासारखी कर!"

घरी येताना ती चार पावलं पुढं चालत होती आणि नणंद मागून, काही घडलंच नाही अशा थाटात, दुकानांच्या काचांतून डोकावत येत होती. ह्या बाईचं तिला पहिल्यापासून आश्चर्य वाटत आलं होतं, आणि आश्चर्य हा तिनं आपल्या मनापुरता वापरलेला सभ्य शब्द. नवरा गेला तेव्हा त्याची ही मोठी बहीण दोन दिवस सोबतीला म्हणून आली ती राहिलीच. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेली, लग्न न केलेली, आवाज असा की शेजारच्या इमारतीतली खिडकी बंद व्हावी. आणि मागणं! सकाळी काडी ओढताना मागणं, लिफ्ट यावी म्हणून मागणं, उकळत्या पाण्यात अंडं सोडताना ते फुटू नये म्हणून "येशू, सांभाळ" म्हणणं. अंडं न फुटलं की टाळी वाजवायची, फुटलं की म्हणायची, "असू दे, त्याला कामं असतील." जिनं पहाटे पाण्याचा घोटही न घेता उघड्या फरशीवर गुडघे टेकवून दिवसाची सुरुवात करायची, तिनं हे ऐकायचं! तिचे स्वतःचे नेम वेगळे होते. वर्षाला एक गोष्ट सोडायची. साखर सोडली, चहातलं दूध सोडलं, खुर्चीला पाठ टेकणं सोडलं, आरसा सोडला. सोडायला काही उरेना तेव्हा उशी सोडली, आणि मान धरली तेव्हा मानेबद्दल बोलणं सोडलं. नवरा होता तोवर विचारायचा, "तुझ्यासाठी काय आणू?" ती म्हणायची, "मला काय लागतंय?" एकदा त्यानं निळा रुमाल आणला होता, गळ्याभोवती बांधायचा. "कशाला?" एवढंच ती म्हणाली, तेही हळू आवाजात. पुढं तो रिकाम्या हातानं येऊ लागला. त्याचा तिला आतून राग आला होता, पण रागावणं तिनं त्याच्याही आधीच सोडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर तिला कवळीच्या मेणाचा वास सहन होईना. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागची ती अरुंद खोली, खिडकीशी दिवा, पॉलिशचं चाक, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे साचे: माणसं नसलेली तोंडं, वरची खालची, अर्धवट उघडी, एखादा शब्द घशात अडकल्यासारखी. हे साचे तिला माणसांपेक्षा बरे वाटत. काही मागत नसत. कोण एकाच बाजूनं चावतं, कोण झोपेत दात खातं, कोण दिसतं तितकं गरीब नाही, हे सगळं तिला साच्यावरून कळे, आणि मग रस्त्यात ते गृहस्थ टोपी सारखी करत चालताना दिसले की तिला त्यांचं आतलं तोंड दिसे आणि नमस्काराला उत्तर देणं जड जाई. डॉक्टर दारातून डोकावले. "बाई, ह्या पेशंटना जरा हसरे दात हवेत म्हणे." ती मान वर न करता म्हणाली, "दात हसत नसतात, डॉक्टर. माणसं हसतात, तीसुद्धा बहुतेकदा उगाचच." डॉक्टर खो खो हसत गेले. जाताना ते बाहेर बसलेल्या कोणाला तरी तेच सांगत होते, जे तिनं त्यांना पाठ करून दिलं होतं: हिरडी जिवंत असते, वर्षागणिक झिजते, आकसते, कवळी मात्र पहिल्या दिवशी होती तशीच राहते. म्हणून ती हलायला लागते, कडेनं बोचते. दुखलं की लगेच या. सोसत बसू नका. वर्षानुवर्षं हे वाक्य तिनं परक्या माणसांसाठी झिजवलं होतं. आणि घरी, रोज समोर बसून, एक बाई पाव चहात बुडवून लिबलिबीत करून गिळत होती, आणि आपण काय म्हणत होतो मनात? म्हातारपणी जीभ सुटलीय. पोरासारखं बुडवून खाते. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही म्हणून आपण नजर वळवली. नजर वळवताना किती छान वाटलं होतं! तिच्या हातातला चाकू मेणात नको तेवढा खोल गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नणंद वाटीत पाव भिजवत होती तेव्हा ती समोर बसली. पाठ न टेकता. "वन्सं, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"काय गं?"

"कवळीचं."

"सांगितलं की. चारचौघींत सांगितलं."

"मला. घरात. मी रोज इथं समोर बसलेली असते."

नणंदेनं चमचा चाटला. "तुला सांगितलं असतं तर तू करून दिलं असतंस. जेवण तसंच टाकून उठली असतीस."

"मग?"

"मग तो चेहरा कोणी बघायचा?" आणि नणंदेनं चेहरा करून दाखवला: पापण्या अर्ध्या खाली, ओठ मिटलेले, एका कोपऱ्यात अगदी थोडं हसू. शाळेतल्या मुलांसमोर नकला करून हात बसलेला, त्यामुळे नक्कल बेमालूम होती. आरसा सोडून बरीच वर्षं झालेल्या तिनं ते हसू ओळखलं, आणि ते स्वतःचं वाटायच्या आधी लहानपणच्या त्या यजमानीणबाईंचं वाटलं. "माझा धाकटा भाऊ म्हणायचा मला," नणंद सांगत होती, "ताई, हिच्याकडे प्यायला पाणी मागायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. देवाकडे मागितलं की बरं असतं बाई. देईल न देईल, तसं बघत तरी नाही."

"मी कधी कोणाला नाही म्हटलंय?"

"नाहीच म्हणत! तेच तर. तुला स्वतःला काही लागत नाही ना, म्हणून ज्याला लागतं तो तुला भिकारी दिसतो. आणि समाधानावर बोलणार म्हणे मेळाव्यात. जेवणच न आवडणाऱ्यानं उपासावर बोलावं, तसलं आहे ते." आणि नणंद स्वतःच्याच विनोदावर हसली, आणि हसता हसता "आई गं" म्हणून तिनं गाल धरला.

"काढा," ती म्हणाली. "दाखवा मला."

कवळी काढल्यावर नणंदेचा चेहरा खाली बसला. तिनं बोट धुऊन नणंदेच्या तोंडात घातलं. मऊ, गरम, ओलसर हिरडी बोटाखाली सरकली, आणि तिला एकदम शिसारी आली, आणि शिसारीच्या पाठोपाठ काहीतरी आलं ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. इतकी वर्षं ती तोंडांचंच काम करत होती, आणि जिवंत हिरडीला हात लावलेला तिला आठवेना. ठसे डॉक्टर घेत. तिच्यापर्यंत यायचं ते थंड प्लास्टर. जखम लालभडक होती, कडेला पांढुरकी, कवळीची कड जिथं टेकते नेमकी तिथं. बरेच दिवस चाललेलं. ह्या बाईनं, जी लिफ्टसाठी देवाला उठवते, तिनं हे बरेच दिवस गप्प बसून सोसलं होतं, कशाला, तर आपल्या भावजयीचा तो चेहरा चुकवायला. तिनं खुणेच्या पेन्सिलीनं कड रेखली, पिशवीतली कानस काढली, आणि खिडकीशी उभी राहून घासत राहिली. गुलाबी भुकटी ओट्यावर पडत होती. घासून, धुऊन, बसवून, पुन्हा काढून, पुन्हा घासून. शेवटी नणंदेनं दात मिटले, चावून बघितलं, मग पावाची कडक कड उचलून कचकन तोडली. "अगं बाई! प्रभू, तुझे आभार!" ती म्हणाली. आभार प्रभूचे. तिला हसू आलं नाही, पण नेहमी यायची ती चीडही आली नाही.

"आता एक सांगते," पाव चावत चावत नणंद म्हणाली, "मंडळीच्या भगिनी निवासात एक खोली रिकामी झालीय. पाळकीणबाईंना येत्या गुरुवारपर्यंत हो की नाही सांगायचंय. तिथं चार बायका आहेत, भांडतात, पत्ते खेळतात. मी जावं म्हणते."

"तुमची इच्छा," ती म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही." वाक्य इतक्या सहज बाहेर आलं, इतकं घासूनपुसून, की ते बोलून झाल्यावरच तिला ऐकू आलं. नणंद तिच्याकडे बघत राहिली. पावाची कड चावायची थांबली. आणि त्या थांबण्यात तिला पुढची सगळी घरभर शांतता दिसली: काडी नुसती ओढली जाणार, अंडं नुसतं पाण्यात पडणार, कोणी कोणाला हाक मारणार नाही, आणि ती सकाळी फरशीवर गुडघे टेकून ज्याचे आभार मानणार त्याच्याही हाताशी वाढायला काही नसणार. पोटात कालवलं. ओळखीचं कालवणं होतं, फार जुनं. ह्याला भूक म्हणतात हे तिला माहीत होतं आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली. नवऱ्याच्या शेवटच्या आजारातसुद्धा तिनं मागितलं नव्हतं. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणाली होती, आणि भेटायला आलेल्यांनी तिच्या विश्वासाची वाखाणणी केली होती. आता मागायचं, ते काय तर ही चिकट, बडबडी बाई! राहा, हा एवढासा शब्द. तो जिभेवर आला, आणि तिथं आल्यावर त्याला ती ठरावीक चव लागली, उपकाराची, आणि तिनं तो गिळला.

नणंदेनं ते बघितलं असावं. "मला नको सांगू," ती म्हणाली, पहिल्यांदाच हळू आवाजात. "तोंडावर सांगशील तर उपकार केल्यासारखं सांगशील, आणि मी वेडी राहीन, आणि मग दोघी भोगू. गुरुवारी तुझी पाळी आली की तिथं माग. सगळ्या मागतात तसं."

"त्या बायांसमोर?"

"त्या बायांसमोरच. देव एकटा सापडला की तू त्याला गुंडाळतेस. जमेल?"

"बरं."

"बरं म्हणजे काय? हे तुझं बरं मी ओळखते."

"मागेन," ती म्हणाली. "कबूल."

कबूल केलं ते संध्याकाळी, आणि सकाळी फरशीवर गुडघे टेकले तेव्हा तिला कळलं की आपल्याला मागता येत नाही. येत नाही म्हणजे, कला येत नाही. वाक्य सुरू व्हायचं मागण्यानं आणि दुसऱ्या शब्दाला त्याचं आभारप्रदर्शन व्हायचं. माझ्या नणंदेनं राहावं, पण तुझी इच्छा असेल तर. ह्यातला 'पण' कसा चोरपावलांनी आला होता! तुझी इच्छा, हे म्हणताना ती त्याच्या इच्छेपुढं वाकत नव्हती, आपली इच्छा पदराखाली झाकत होती, म्हणजे उद्या त्यानं नाही म्हटलं तर म्हणता यावं, मी कुठं मागितलं होतं? इतकी वर्षं तिनं देवाला नाही म्हणायची संधीच दिली नव्हती. हिशेबी माणसाशी वागावं तशी ती त्याच्याशी वागली होती, आणि त्या बाया, ज्यांच्या आतड्यांची तिला किळस येत होती, त्या दर गुरुवारी आपलं तोंड त्याच्यापुढं उघडून बसत होत्या, हिरडीसकट. बायबलमधला, तुरुंगातून समाधानाबद्दल पत्र लिहिणारा तो प्रेषित तिचा आवडता. पण समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं त्यानं म्हटलंय, आणि शिकलो म्हणजे कधीकाळी येत नव्हतं, ह्यावर ती कधी थांबली नव्हती. त्याच पानावर तो लोकांनी पाठवलेल्या वस्तूंबद्दल मनापासून आनंद व्यक्त करतो, हा भाग तर ती जरा झरझरच वाचत आली होती. थोरामोठ्यांना वस्तूंचा आनंद होणं तिला बरं वाटत नसे. प्रेषितालाही तिनं तो चेहरा करून दाखवला होता म्हणायचा.

मग तिच्या मनात आलं की ह्या वर्षी तुच्छता सोडावी. साखर सोडली तशी. हा विचार तिला इतका आवडला, त्यात आपण इतक्या उंच दिसलो, की ती गुडघ्यांवर बसल्या बसल्या स्वतःलाच म्हणाली, शाबास, आता एवढंच राहिलं होतं. आणि तिला हसू फुटलं, बेसूर, नाकातून, नणंदेसारखं. आतल्या खोलीतून आवाज आला, "काय झालं गं? पडलीस का?" "नाही," ती म्हणाली, "बसलेय." कामावर त्या आठवड्यात तिनं मेण दोनदा बिघडवलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना? रजा हवी का?" तिच्या ओठांवर नको आलं होतं. ती म्हणाली, "गुरुवारी दुपारची हवी." डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, कारण गुरुवारी दुपारी ती नेहमीच जायची, न विचारता, हक्कानं. विचारलं पहिल्यांदाच. "घ्या की," ते म्हणाले, आणि तिथंच घोटाळत राहिले, जणू आणखी काही मागितलं तर द्यावं म्हणून.

पण ह्यानं काही ती बदलली नव्हती. रविवारच्या उपासनेत पुढच्या बाकावरच्या बाईनं डोळे मिटून हात वर केले तेव्हा तिला त्या बाईच्या उसवलेल्या बाहीचीच चीड आली. पाळकसाहेबांनी प्रवचनात वाढ, वाढ असं म्हणत हवेत हातानं रोपटं दाखवलं तेव्हा ती मनात म्हणाली, हं, कुंडीत. ती तीच होती. फक्त हे सगळं चालू असताना पोटातलं ते कालवणं थांबत नव्हतं, आणि ते थांबावं असं तिला वाटत नव्हतं. समाधान म्हणून जे तिनं इतकी वर्षं बाळगलं होतं ते कधी दुखलं नव्हतं, कधी हललं नव्हतं. आता हे दुखत होतं.

गुरुवारी जेवणं झाल्यावर नणंद म्हणाली, "मी नाही येत आज. मी समोर असले तर तू माझ्याकडे बघून बोलशील." आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. तिनं भांडी धुतली, ओटा पुसला. मग चपला हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली तोवर नणंदेला डुलकी लागली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. नजर वळवावी असं वाटलं, वळवली नाही. पाळकीणबाईंची खोली तिच्या डोळ्यांसमोर येत होती, ते हातरुमाल, ती केकची ताटली, आपली पाळी, आपल्याकडे वळलेल्या माना, आणि त्या मानांना लगेच होणारा तो आनंद: अरे, हिलाही लागतं तर! होईलच त्यांना आनंद. आठवडाभर पुरेल. त्यांतली एखादी हुंदकाही देईल, थांबव हिच्या नणंदेला, प्रभू, थांबव, म्हणून. आणि आपण त्यांच्यात डोळे मिटून बसलेलं असणार. तिला अजूनही हे किळसवाणं वाटत होतं. तिनं दार बाहेरून, खिट्टीचा आवाज होऊ न देता, ओढून घेतलं. वाक्य जुळलेलं नव्हतं. कुठल्या शब्दानं सुरुवात करायची तेही ठरलेलं नव्हतं, आणि ते ठरेपर्यंत इथं उभं राहिलं तर गुरुवार निघून जाईल एवढं कळत होतं. चपला तिनं जिन्यावर घातल्या, आणि ती खाली उतरू लागली.